मावशीच्या हाती

बाबागाडी कुणाच्याच हातात नव्हती. झालं ते एवढंच. बाजाराच्या कोपऱ्यावर, जिथून रस्ता पुलाकडे उतरत जातो, तिथे आम्ही दोघी टोमॅटो निवडत होतो. म्हणजे आई निवडत होती आणि तिनं निवडलेले मी गुपचूप परत ठेवत होते, कारण चष्म्याशिवाय तिला मऊ पडलेलं दिसत नाही आणि बाजारात चष्मा लावायला ती तयार नसते. मला वाटलं, गाडीची मूठ आईच्या हातात आहे. आईला वाटलं, माझ्या. चाकं नवी, रस्ता गुळगुळीत. गाडी आवाजसुद्धा न करता निघाली. डोळ्याच्या कोपऱ्यातून मी ते निळं छत सरकताना पाहिलं, आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर कुणाची तरी गाडी सुटली वाटतं. कुणाची तरी. मग मी धावले. धावायची गरज नव्हती. फुटपाथवरच्या झाडाभोवती लोखंडी जाळी आहे, तिच्यात पुढचं चाक अडकलं आणि गाडी आपोआप थांबली. माझी लेक ठमी आतून हसत होती. नुकताच फुटलेला एक दात दाखवत, पुन्हा एकदा होऊ द्या अशा चेहऱ्यानं. पलीकडून एक लांबलचक बस पुलाकडे उतरली, तिच्या वाऱ्यानं ठमीच्या कपाळावरचे केस हलले. "मला वाटलं तुझ्याकडे आहे," आई म्हणाली. "मला वाटलं तुझ्याकडे," मी म्हणाले. टोमॅटोवाली तागडी खाली ठेवून म्हणाली, "दोन घरचा पाहुणा उपाशी, तशातली गत झाली की ताई तुमची." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, काळजीच होती, पण मला ते वाक्य घरी येईपर्यंत टाचेत मोडलेल्या काट्यासारखं टोचत राहिलं.

घरी आल्यावर ठमी लगेच झोपली. मुलांना काही झालेलंच नसतं. तिच्या शेजारी मी आडवी झाले आणि माझे हात बघत राहिले. हात थरथरत नव्हते, याचीच मला भीती वाटली. या हातांना सवय आहे. लोकांच्या मुलांना विमान चालवायला शिकवणं हे माझं काम. हवाई दलाच्या शाळेत मागच्या सीटवर बसायचं, पुढे विद्यार्थी, आणि त्याच्या चुका त्याला करू द्यायच्या, फक्त शेवटची सोडून. ठमीच्या वेळी रजा घेतली ती आता संपत आली होती. डॉक्टरांनी तपासून 'ठीक' म्हटलं होतं. शाळेचे मोठे साहेब सकाळीच फोनवर बोलले होते: "नवी तुकडी सोमवारी सुरू होतेय. मावशीवरची ही शेवटची. यानंतर ती निवृत्त. तुम्ही येणार असाल तर तुमच्या नावावर विद्यार्थी लावतो, नसाल तर वर्गावर घेतो, फळा आणि खडू. संध्याकाळपर्यंत सांगा, घाई नाही." घाई नाही आणि संध्याकाळपर्यंत, ही मोठ्या साहेबांची जुनी खोड. सकाळी मी मनातल्या मनात 'हो' म्हणून ठेवलं होतं. आता ठमीच्या पोटावर हात ठेवून, तो वर-खाली होताना बघत, मी 'नाही' हा शब्द जिभेवर घोळवून पाहत होते. चव वाईट नव्हती त्याची. कोमट, दुधासारखी. एका बाबागाडीची मूठ जिला सांभाळता येत नाही तिनं कुणाच्या पोराला आभाळात घेऊन जावं कशाला? आणि आपलं पोर खाली कुणाच्या भरवशावर ठेवावं?

मावशी म्हणजे आमचं शिकाऊ विमान. कागदावर तिला एक अक्षर आणि एक आकडा आहे, पण तो फक्त कागदालाच ठाऊक. पंखाला शिडी टेकवणाऱ्या पोरापासून ते स्वयंपाकघरातल्या आचाऱ्यापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणतात. कुणी ठेवलं हे नाव, ते कुणालाच माहीत नाही. पण का ठेवलं ते पहिल्या आठवड्यात कळतं. माय मरो पण मावशी जगो म्हणतात ना, तशी ती आहे. रागावते, पण आधी सांगून रागावते. मारते, पण लागू देत नाही. विद्यार्थ्यांनी तिला धावपट्टीवर किती वेळा आपटली असेल! चेंडूसारखी उसळवली, वाऱ्यात तिरकी उतरवली, ब्रेक दाबून तिचे टायर चौकोनी केले. संध्याकाळी मिस्त्री तिच्या पायांपाशी उकिडवे बसून, "काय केलं गं तुला आज या नतद्रष्टांनी," असं म्हणत तेल भरतात आणि सकाळी ती पुन्हा उभी. दिसायला काही सुंदर वगैरे नाही. नाक थोडं बसकं, पाय फाकलेले, पोट अंमळ सुटलेलं. डाव्या पंखाच्या मुळाशी जिथं प्रत्येक जण चढताना पाय ठेवतो तिथला रंग उडून पत्रा उघडा पडला आहे, देवळाच्या उंबऱ्यासारखा गुळगुळीत. आज जे मोठमोठी, आवाजाच्या पुढे जाणारी विमानं चालवतात त्या सगळ्यांचा डावा पाय एकदा तिथं पडलेला आहे. ते लोक कधी शाळेत आले की बाकी काही बघत नाहीत, तिच्यापाशी जातात, तिथं हात ठेवतात, आणि काहीतरी फालतू बोलून डोळे चोळतात. धूळ फार आहे तुमच्याकडे, म्हणतात.

आणि माझी तर ती खरोखरच मावशी. एका अर्थी बहीण म्हटलं तरी चालेल, कारण आम्ही दोघी एकाच वर्षी, एकाच बाईच्या हाताखाली आकाराला आलो. आई त्या वेळी विमानाच्या कारखान्यात आरेखनाच्या हॉलमध्ये होती. लांबच लांब हॉल, वरून उजेड येणाऱ्या काचा, तिरक्या टेबलांच्या रांगा, आणि पंख बघणाऱ्या गटात आई एकटी बाई. मावशीचा पहिला नमुना तयार झाला तेव्हा मी आईच्या पोटात होते. हे सगळं मी इतक्यांदा ऐकलं आहे की मला ते आठवतंच असं वाटतं. तो हॉल, पेन्सिलीला टोक काढल्याचा लाकडी वास, आणि टेबलावर वाकता येत नाही म्हणून बाजूनं उभी राहून रेघ मारणारी आई. नमुना उडाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि चाचणीचा पायलट खाली उतरून सरळ हॉलमध्ये आला. त्याला सगळे खडूस म्हणत, कारण तो होताच खडूस. त्यानं हेल्मेट आईच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "बाई, विमान चांगलं आहे तुमचं. पण मुकं आहे." म्हणजे काय, तर वेग फार कमी झाला की कुठलंही विमान हवेत तोल सोडतं, पंखाखालची हवा दगा देते; पण चांगलं विमान त्याच्या आधी काहीतरी सांगतं. थरथरतं, कुरकुरतं. हे सांगतच नव्हतं. शहाण्यासारखं उडत असताना एकदम पंख टाकायचं आणि गिरकी घेत खाली. "मी सावरलं," खडूस म्हणाला, "पण मला येतं म्हणून. ज्याला येत नाही त्याच्यासाठीच हे बनवताय ना तुम्ही? मुक्या बाईकडून पोरं काय शिकणार?" हॉलमधले एक वरिष्ठ म्हणाले की, विद्यार्थ्यानं वेगाच्या काट्याकडे बघावं, ते त्याचं काम आहे. त्यावर आई जे म्हणाली ते पुढे कितीतरी वर्षं त्या हॉलमध्ये म्हणीसारखं वापरलं गेलं म्हणे. ती म्हणाली, "घाबरलेला माणूस काट्याकडे बघत नाही. तो आईकडे बघतो."

मग त्यांनी लोकर आणली. आणली म्हणजे आईच्या पिशवीतून काढली. पंखावरून हवा कशी जाते ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पंखभर लोकरीचे बोटभर तुकडे चिकटवतात. हवा सरळ असली की ते केस विंचरल्यासारखे निजतात, हवा बिघडली की उभे राहून नाचायला लागतात. दुसऱ्या विमानातून त्याचं चित्रण करायचं आणि मग अंधाऱ्या खोलीत बसून बघायचं. भांडारातली लोकर संपली होती, मागवायची तर आठवडे जाणार, आणि आईच्या पिशवीत माझ्यासाठी सुरू केलेला पिवळा स्वेटर होता. पाठ, पोट आणि एक बाही झाली होती. दुसऱ्या बाहीची लोकर मावशीच्या पंखावर गेली. चित्रणात दिसलं की सगळे तुकडे एकदम नाचायला लागतात, मुळापासून टोकापर्यंत. आईनं ते पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. पोटातून मी लाथा मारत होते आणि पडद्यावर माझी बाही नाचत होती. तिच्या डोक्यात आलं की पंखाच्या मुळाशीच, शरीराजवळ, हवा थोडी आधी बिघडवली तर? तिथली बिघडलेली हवा मागे जाऊन शेपटीवर आपटेल, शेपूट थरथरेल, शेपटीचं थरथरणं विमान वळवायच्या दांड्यातून पायलटच्या तळहातात येईल. आणि पंखाची टोकं तोवर शाबूत राहतील, त्याला सावरायला. तिनं सुताराकडून लाकडाची एक तिकोनी पट्टी करून घेतली. हाताच्या वितीपेक्षा थोडी मोठी, बस. पंखाच्या पुढच्या कडेला, मुळाशी चिकटवली. पहिल्या काही जागा चुकल्या. कधी फार लवकर थरथरायची, कधी उतरतानाच कुरकुर सुरू. आई पट्टी बोटभर वर, बोटभर खाली करत राहिली. शेवटी एका सकाळी खडूस उतरून आला, हेल्मेट पुन्हा तिच्या टेबलावर ठेवलं, आणि म्हणाला, "बोलायला लागली. आता जरा जास्तच बोलते, पण बायकांचं..." आई म्हणाली, "वाक्य पुरं करा." त्यानं केलं नाही. त्याच आठवड्यात मी जन्मले आणि पहिल्या थंडीत एका बाहीचा स्वेटर घालून फिरले. फोटो आहे. दुसऱ्या हाताला बाबांचा पायमोजा.

ठमीनं झोपेत ओठ चोखले. मी तिच्या मुठीत माझं बोट सरकवलं. तिनं ते न उठता घट्ट धरलं. मला मास्तर आठवले. मास्तर म्हणजे माझे शिक्षक, ज्यांनी मला मावशीवर पहिल्यांदा नेलं. त्यांचे हात आठवले. मागच्या सीटवरचा शिक्षक पुढच्याला दिसत नाही, म्हणून पुढे एक छोटा आरसा असतो. आणि विमान विद्यार्थ्याच्या हाती दिलं की शिक्षकानं आपले दोन्ही हात वर उचलून काचेच्या चौकटीच्या काठावर ठेवायचे, आरशात दिसतील असे. म्हणजे त्याला कळावं की आता मी एकटा आहे. आणि त्याआधी तीन शब्द. देणारा म्हणतो, "घे." घेणारा म्हणतो, "घेतलं." आणि मग देणारा पुन्हा म्हणतो, "दिलं." तिन्ही झाल्याशिवाय हात सुटत नाहीत. नवीन विद्यार्थ्यांना याचं हसू येतं. भाजी वाढल्यासारखं काय घे, घेतलं, दिलं? मलाही यायचं. एका दुपारी आम्ही परत येत होतो, विमान माझ्या हातात होतं, तिन्ही शब्द रीतसर झालेले होते. खाली शेतं तापलेली, हवेला उकळी फुटल्यासारखी. दोन्ही सीटचे दांडे आतून जोडलेले असतात; माझा तळव्यात किंचित हलला. वाऱ्याच्या झोतानं असणार, पण मला वाटलं मास्तरांनी मागून धरला. माझं काहीतरी चुकलं, रागावले, आणि न बोलता काढून घेतलं. मोठ्यांच्या हातातून काही ओढून घ्यायचं नसतं हे घरचं वळण. मी हळूच हात सोडले आणि शहाण्या मुलीसारखे मांडीवर ठेवले. मास्तर मागे हात काठावर ठेवून खालच्या नदीचं वळण बघत होते. आरशात मी बघितलंच नाही. मान खाली घालून बसले होते.

मावशी चालली होती. नाक क्षितिजावर, पंख सरळ. एखादा झोत एक पंख उचलायचा आणि ती, झोपेत कूस बदलावी तशी, तो आपणहून खाली आणायची. पुष्कळ वेळानं मास्तर मागून म्हणाले, "आज उत्तम चालवते आहेस हं. इतकं सरळ तू कधीच चालवलं नव्हतंस." मी म्हटलं, "मी? सर, तुम्ही चालवताय ना?" मग मास्तर अगदी हळू म्हणाले, "मी नाही." मी म्हटलं, "मीपण नाही." आणि आम्ही दोघंही दांड्याकडे झेपावलो नाही, याचं मला आजही नवल वाटतं; तो दांडा आमच्या गुडघ्यांमध्ये एखाद्या झोपलेल्या मांजरासारखा होता आणि त्याला उठवणं बरं दिसणार नाही असं वाटलं. "मग चालवतंय कोण?" मास्तरांनी विचारलं, आणि त्यांना जे हसू फुटलं ते कानातल्या फोनमधून माझ्या डोक्यात भरलं. खाली उतरल्यावर मात्र ते हसले नाहीत. पंखावर, त्या घासलेल्या जागेपाशी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "घेतानासुद्धा शब्द लागतो. मी घेतलं असतं तर बोललो असतो. न बोलता कुणी काढून घेत नसतं, आणि न बोलता तू सोडायचं नसतं. आज हिनं सांभाळलं. हिला बनवणाऱ्यांनी हे धरलेलं असणार, की एक दिवस दोन मूर्ख दोन सीटवर बसून एकमेकांच्या भरवशावर हात सोडतील." मी म्हटलं, "माझी आई होती सर त्यात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा आणि शेवटचं मला नमस्कार केला. मग लगेच म्हणाले, "तुला नाही केला. घरी पोचव."

पण गाडीला कुणी मावशी नव्हती, असं मला पडल्या पडल्या वाटत होतं. हवेत चूक झाली तर खाली पुष्कळ आभाळ असतं. रस्त्यावर बस असते. जाळी तिथं होती हा योगायोग. कुणी आईसारख्या बाईनं ती बोटभर वर, बोटभर खाली करून बसवलेली नव्हती. मी फोन उचलला, मोठ्या साहेबांचा नंबर काढला आणि मग नवऱ्याला लावला. तो दुसऱ्या शहरात दातांचा डॉक्टर आहे, शनिवारी येतो. गाडी सुटल्याचं सांगितलं तेव्हा त्याच्या हातातलं दात कोरायचं यंत्र बंद झाल्याचं ऐकू आलं. "लागलं नाही ना?" "नाही." "मग तू रडतेयस का?" "मी रडत नाहीये." "बरं, मग मी रडतो, पेशंटला वाटेल त्याच्यासाठीच." मग म्हणाला, "तू नाही म्हणायचं ठरवलंयस का?" मी ठमीचं पांघरूण सारखं केलं. "नाही म्हण, हो म्हण, पण या गाडीच्या भरवशावर ठरवू नकोस. तिला चार चाकं आहेत फक्त, अक्कल नाही." एवढ्यात स्वयंपाकघरातून काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि मी फोन ठेवला.

आईनं बाबागाडी जमिनीवर उलटी केली होती. चाकं वर, छत खाली, आणि ती शेजारी मांडी घालून बसलेली, डोळ्यांना चष्मा. बाजारात न लावलेला चष्मा गाडीचं पोट बघायला लावला होता. एकेक चाक फिरवून ती कान देत होती. "पुढचं डावं ओढतंय," म्हणाली. "म्हणूनच ती जाळीकडे वळली, नाहीतर सरळ गेली असती. हे असंच राहू दे, दुरुस्त करू नकोस." मी म्हटलं, "आई, तुला काहीच वाटलं नाही का गं?" तिनं चाक फिरवायचं थांबवलं. चाक आपल्या आपण थोडं फिरलं आणि थांबलं. "मला तिथंच बसावं लागलं," ती म्हणाली. "टोमॅटोवालीनं मला स्टूल दिलं, तू ठमीकडे पळालीस म्हणून तुला दिसलं नाही." मी खाली बसले तिच्याजवळ. गेली कितीतरी वर्षं मी आईला घाबरलेलं पाहिलं नव्हतं; आताही ती घाबरलेली दिसत नव्हती, फक्त तिचा अंगठा चाकाच्या रबरावरून उगाच फिरत होता. "मी साहेबांना 'नाही' म्हणून सांगणार आहे," मी म्हटलं. "तुझ्यामुळे नाही. माझ्यामुळे." "कळलं की," आई म्हणाली. "दोघींनी मिळून एक गाडी सोडली म्हणून आता तू चोवीस तास मूठ धरून बसणार. हात भरून आला की काय करणार आहेस?" "धरीन." "कुणीच धरू शकत नाही. आमच्याकडे एक साहेब होते, नेहमी म्हणायचे, चूक होता कामा नये. मी म्हणायची, चूक होणारच आहे, झाल्यावर काय व्हावं ते बोला. अगं, दोघांनी धरून ठेवलं की कुठलंही विमान उडतं, त्यात आमचं काय कौतुक? आम्ही तर दोघांनी सोडल्यावरही उडणारं विमान कागदावर काढत होतो."

ती उठली, कपाट उघडलं आणि आत खुडबुड करत बाबांचा जुना पायजमा शोधून काढला. नाडी ओढून घेतली. गाडी सरळ केली, नाडीचं एक टोक मुठीला बांधलं, दुसऱ्या टोकाला फास केला, मनगट आत जाईल एवढा. मग ओढून पाहिलं, सैल केलं, पुन्हा बांधलं. बोटभर वर, बोटभर खाली. मी बघत राहिले. हाच तो चेहरा असणार, त्या हॉलमधला. पुढे आलेला खालचा ओठ, मान एका बाजूला. मला ती पट्टी दिसली, आईची लाकडी तिकोनी पट्टी, आता पत्र्याची झालेली, पण तितकीच छोटी, मावशीच्या प्रत्येक पंखाच्या मुळाशी. किती पोरांच्या तळहातात ती थरथरली असेल. त्यातली काही आता आजोबा असतील. माझ्या आईनं आपल्याला एकदा हाताला धरून सावरलं होतं, हे त्यांच्या गावीही नाही. आता शेवटची तुकडी. मग नवीन विमान, पडद्यांचं, जे शब्दांत बोलतं म्हणे, बाईच्याच आवाजात. चांगलं असेल. पण शेवटच्या तुकडीला मावशीची ओळख करून देणारं घरचं कुणीतरी नको का? परक्यांसारखं निरोप द्यायचा तिला? "आई," मी म्हटलं, "ठमी तुझ्याकडे राहील?" "माझ्याकडे राहायला ती काय पहिलं पिल्लू आहे?" आई म्हणाली. "फक्त दुधाचं बघ. चमच्यानं घ्यायला शिकव तिला शनिवार-रविवारात. आणि नवऱ्याला म्हणावं, एक दात आलाय, घरचा पेशंट आहे, फी मिळणार नाही." मी मोठ्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "बरं झालं, तुमचं नाव मी लावूनच ठेवलं होतं."

सोमवारी सकाळी शाळेची बस त्याच कोपऱ्यावर येणार होती. दुसऱ्या कोपऱ्यावर उभं राहता आलं असतं. आईनंच मुद्दाम तोच धरला. टोमॅटोवाली फळकुटं मांडत होती. माझ्या अंगावर उडायचा पोशाख पाहून ती म्हणाली, "अगं बाई, तुम्ही तसल्या होय!" आणि ठमीच्या हातात एक छोटा टोमॅटो दिला. गाडीची नाडी माझ्या मनगटात होती. बस वळणावर दिसली. मी फास सैल करून मनगटातून काढला आणि आईपुढे धरला. "घे," मी म्हटलं. ते शब्द मी घरी कधी वापरले नव्हते, पण मास्तरांचा नमस्कार पोचवताना आईला सगळं सांगितलं होतं; तिनं चटकन फास मनगटात चढवला, दुसऱ्या हातानं मूठ धरली, ओढून पाहिली, आणि माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "घेतलं." बस आली. दार उघडलं. माझा हात अजून गाडीच्या कडेवर होता, ठमीच्या पायाजवळ. तिचा मोजा निसटला होता, तो मी वर केला, तो पुन्हा निसटला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही, चांगला माणूस आहे तो. आई वाट बघत होती. "तिसरं राहिलंय," ती म्हणाली. "तिसऱ्याशिवाय मी घेतलेलं धरत नाही." आजवर मी तो शब्द किती जणांना म्हटला असेन, तोंडात चघळायच्या गोळीसारखा असायचा तो. आता मी तो निसटलेला मोजा पुन्हा एकदा वर केला. ठमीनं टोमॅटो चावला, तिच्या एका दातानं सालीला भोक पडलं, आणि रस हनुवटीवरून ओघळला. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. "दिलं," मी म्हटलं, आणि दोन्ही हात वर केले, खांद्याच्या उंचीवर, दिसतील असे.

त्या दिवशी माझ्यासमोर जो विद्यार्थी बसला त्याची मान फार बारीक होती, हेल्मेटमुळे आणखीच. तो सकाळपासून प्रत्येक वाक्याला "हो मॅडम" म्हणत होता, मी "तुझा चहा सांडतोय" म्हटलं तरी "हो मॅडम." मावशीवर चढताना त्यानं डावा पाय बरोबर त्या घासलेल्या जागी ठेवला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वर गेल्यावर मी म्हटलं, "घे." तो म्हणाला, "घेतलं मॅडम." मी म्हटलं, "दिलं," आणि हात काठावर ठेवले. आरशात त्याचे डोळे एकदा माझ्या हातांकडे आले आणि पुढे गेले. माझ्या गुडघ्यांमध्ये दांडा हलत होता, मी न हलवता. तापलेल्या रबराचा, तेलाचा, जुन्या चामड्याचा वास होता, आणि त्यात माझ्या पोशाखाच्या खांद्याला लागलेला दुधाचा एक आंबटसर वास, जो वर आणायला नियमात मनाई आहे की नाही हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. छातीत दूध भरून येत होतं. खाली कुठंतरी एक निळं छत असेल. मी ते शोधलं नाही.

"आता इंजिन कमी कर," मी सांगितलं. "नाक वर धर. धरून ठेव. वेग जाऊ दे." "हो मॅडम." वारा हळूहळू गप्प होत गेला. मावशी नाक वर करून, जड होऊन, एखाद्या उसाशावर थांबावी तशी थांबत चालली. बारीक मान ताठ झाली. वेगाचा काटा खाली येत होता, पण त्याला तो दिसत नसणार. घाबरलेला माणूस काट्याकडे बघत नाही. आणि मग ती आली. आधी शेपटीकडून, दूरवर दार वाजावं तशी, मग सीटमधून, मग दांड्यातून. बारीक, घाईची, न चुकणारी थरथर. काठावर ठेवलेल्या माझ्या बोटांतसुद्धा आली. पंखाच्या मुळाशी ती वीतभर पट्टी हवेला टोचत होती.

"मॅडम!" तो ओरडला. "मॅडम, हे काय होतंय? हे कोण हलवतंय?"

माझे हात काठावरच होते. त्यानं आरशात पाहिलं आणि त्याला ते दिसले.

"माझी आई आहे ती," मी म्हटलं. "ऐक तिचं. नाक खाली घे."